ठोकळ्यांतून उमटलेले चेहरे

आपल्या मतांपायी तुरुंगात गेलेल्या किंवा देशाबाहेर जावे लागलेल्या १७६ व्यक्तींची चित्रे आय वेइवेइ या चिनी कलावंताने लेगोच्या ठोकळ्यांतून साकारली आणि ती एका जुन्या तुरुंगात जमिनीवर मांडली. त्या वेळी त्यांना स्वतःला देश सोडण्याची मुभा नव्हती. 'ट्रेस' या मांडणशिल्पाचा आणि त्यातून पुढे आलेल्या कलाकृतींचा हा परिचय.

व्यक्तिचित्र ही मूळची दरबारातली कला. चित्रकाराला समोर बसवून स्वतःची छबी काढून घेणे राजे, धर्मगुरू आणि धनिक व्यापारी यांनाच परवडत असे. साहजिकच शतकानुशतके भिंतींवर लागलेल्या चित्रांत सत्ता आणि संपत्ती यांचेच चेहरे अधिक आढळतात. छायाचित्रणाचा शोध लागल्यावर सामान्य माणसाचीही छबी उमटू लागली. पण त्याबरोबरच ती पोलिसांच्या नोंदवहीत आणि तुरुंगाच्या दप्तरातही जाऊन बसली. ज्याला मानाने भिंतीवर लावावे तो एक चेहरा आणि ज्याच्याखाली कैद्याचा क्रमांक लिहावा तो दुसरा, अशी विभागणी रूढ झाली.

मानवी हक्कांसाठी लढणाऱ्यांची व्यक्तिचित्रे या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी असतात. एका बाजूचे सरकार ज्याला गुन्हेगार म्हणते, त्यालाच दुसरीकडचे लोक मानाचे स्थान देतात. अशा चित्रांचा विचार करताना 'ट्रेस' या कलाकृतीकडे वळावेच लागते. 'ट्रेस' या शब्दाचा अर्थ माग किंवा मागे उरलेली खूण. २०१४ साली अमेरिकेतील अल्काट्राझ बेटावर ती प्रथम मांडली गेली. तिच्यातील माणसे कोण, ती लहान मुलांच्या खेळण्यातून का घडवली आणि भिंतीऐवजी जमिनीवर का ठेवली, या प्रश्नांच्या उत्तरांतून आजच्या काळात सन्मान म्हणजे नेमके काय, याचेही काही उत्तर मिळते.

नावांपासून सुरुवात

आय वेइवेइ यांचा जन्म १९५७ सालचा, बीजिंगमधला. वडील आय छिंग हे चीनमधील ख्यातनाम कवी. साम्यवादी राजवटीने त्यांना 'उजव्या विचारांचे' ठरवले आणि मूल जेमतेम वर्षाचे असताना कुटुंबाची राजधानीतून हकालपट्टी झाली. दूरच्या शिनजियांग प्रांतात या कवीला सार्वजनिक शौचालये साफ करण्याचे काम देण्यात आले. जवळपास दोन दशकांनंतर, १९७६ मध्ये हे कुटुंब बीजिंगला परतू शकले. लेखणीमुळे माणसाचे काय होऊ शकते, याचे शिक्षण मुलाला घरातच मिळाले होते.

पुढे न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा वर्षे काढून १९९३ मध्ये आय वेइवेइ मायदेशी आले. कलावंत म्हणून त्यांची कीर्ती वाढत गेली. मात्र त्यांच्या कामाला निर्णायक वळण दिले ते १२ मे २००८ रोजी सिच्वान प्रांतात झालेल्या भूकंपाने. त्यात सुमारे ६९ हजार माणसे मरण पावली. अनेक शाळांच्या इमारती कोसळल्या आणि त्यांखाली विद्यार्थी गाडले गेले. बांधकाम निकृष्ट होते, असा पालकांचा आरोप होता. मृत मुलांची नावे जाहीर करण्यास प्रशासन तयार नव्हते. तेव्हा आय वेइवेइ यांनी स्वयंसेवकांना गावोगाव पाठवून पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची नावे गोळा केली आणि ती प्रसिद्ध केली. मे २००९ मध्ये त्यांचा ब्लॉग बंद करण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये छंग्दू शहरात पोलिसांनी त्यांना मारहाण केली. पुढच्या महिन्यात म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूतील रक्तस्रावावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच शहरातील एका कलासंग्रहालयाच्या दर्शनी भागावर त्यांनी ९ हजार शालेय दप्तरे लावली. भूकंपात मुलगी गमावलेल्या एका आईचे वाक्य त्या रंगीत दप्तरांच्या रचनेतून वाचता येत होते.

मृतांचा आकडा सांगितला की शासनाचे काम संपते; नावे सांगितली की जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. हे सूत्र आय वेइवेइ यांना इथे सापडले. 'ट्रेस'मध्ये त्यांनी नावांना चेहरे जोडले.

३ एप्रिल २०११ रोजी बीजिंगच्या विमानतळावर त्यांना ताब्यात घेण्यात आले. पुढचे ८१ दिवस ते अज्ञात ठिकाणी कोठडीत होते. दोन पहारेकरी अहोरात्र अगदी जवळ उभे असत. झोपेत, जेवताना आणि शौचालयातही. हा अनुभव त्यांनी २०१३ मध्ये व्हेनिस येथे मांडलेल्या 'सॅक्रेड' या कलाकृतीत सहा मोठ्या पेट्यांच्या रूपाने दाखवला. पेटीच्या फटीतून डोकावणाऱ्या प्रेक्षकाला आत कोठडीतील प्रसंगांची पुतळ्यांनी केलेली प्रतिकृती दिसे. कोठडीतून सुटका झाली तरी पारपत्र परत मिळाले नाही. ते मिळायला जुलै २०१५ उजाडला. म्हणजे 'ट्रेस'ची कल्पना, आखणी आणि प्रदर्शन हे सारे कलावंत देशाबाहेर पाऊल टाकू शकत नसतानाच्या काळातले आहे.

तुरुंगाचे बेट

२०११ मधील सुटकेनंतर सॅन फ्रान्सिस्कोतील कलासंयोजक शेरिल हेन्स त्यांना बीजिंगमध्ये भेटल्या. त्यांचे विचार अधिक लोकांपर्यंत पोचवण्यासाठी काय करता येईल, याची चर्चा झाली आणि त्यातून तुरुंगातच प्रदर्शन भरवण्याची कल्पना पुढे आली. जागा ठरली अल्काट्राझ.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातले हे खडकाळ बेट इंग्रजी चित्रपटांमुळे परिचित आहे. १९३४ ते १९६३ या काळात येथे अमेरिकेचा अतिसुरक्षित तुरुंग होता आणि अल कपोनसारखे टोळीप्रमुख येथे ठेवले गेले. मात्र या बेटाचा दुसराही इतिहास आहे. तत्पूर्वी लष्करी तुरुंग असताना येथे केवळ गुन्हेगारच नव्हते. सरकारी निवासी शाळांत मुलांना पाठवण्यास नकार देणाऱ्या होपी जमातीच्या १९ पुरुषांना १८९५ मध्ये येथे डांबण्यात आले. पहिल्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास विवेकाच्या आधारे नकार देणाऱ्यांनाही येथे ठेवले गेले. तुरुंग बंद झाल्यावर नोव्हेंबर १९६९ ते जून १९७१ या काळात अमेरिकेतील मूलनिवासींनी बेटाचा ताबा घेऊन आपल्या हक्कांचा प्रश्न जगासमोर आणला. पुढे बेट राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आले आणि पर्यटनस्थळ बनले.

२७ सप्टेंबर २०१४ ते २६ एप्रिल २०१५ या काळात येथे 'अ‍ॅट लार्ज' हे प्रदर्शन भरले. मोकळा सुटलेला, अद्याप हाती न लागलेला अशा अर्थाने इंग्रजीत वापरला जाणारा हा शब्दप्रयोग. ज्याला स्वतःला जागचे हलता येत नव्हते त्या कलावंताने तो आपल्या प्रदर्शनाला द्यावा, यातला उपरोध उघड आहे. प्रदर्शनात एकूण सात कलाकृती होत्या आणि त्यांसाठी एरवी पर्यटकांना बंद असलेल्या काही इमारती खुल्या करण्यात आल्या. एका विभागातील कोठड्यांत तुरुंगवास भोगलेल्या कवी-गायकांचे आवाज ऐकू येत. रुग्णालयातील बेसिन आणि न्हाणीची टबे चिनी मातीच्या पांढऱ्या फुलांनी भरलेली होती. या सात कलाकृतींत सर्वांत विस्तीर्ण होती 'ट्रेस'.

बारा लाख ठोकळे

कैद्यांकडून धुलाई आणि अन्य कामे करून घेण्यासाठी बांधलेल्या इमारतीच्या लांबलचक दालनात 'ट्रेस' पसरली होती. तीसहून अधिक देशांतील १७६ व्यक्तींचे चेहरे आणि त्यांसाठी वापरलेले सुमारे १२ लाख ठोकळे. लेगोचे हे प्लास्टिकचे ठोकळे मुले एकमेकांत बसवून घरे आणि गाड्या बनवतात. मुलाला त्यांच्याशी खेळताना पाहून हे माध्यम सुचल्याचे आय वेइवेइ यांनी सांगितले आहे.

कृती साधी, पण चिकाटीची. प्रथम व्यक्तीचे उपलब्ध छायाचित्र संगणकावर घ्यायचे, त्याचे मोठाल्या रंगीत चौकोनांत रूपांतर करायचे आणि त्यावरून कोणता ठोकळा कुठे बसेल याचा नकाशा तयार करायचा. भरतकामातील टाके मोजून फुले भरावीत, तसेच हे काम. काही चित्रे बीजिंगच्या कलागृहात जुळवली गेली. उरलेली सॅन फ्रान्सिस्कोत ८० हून अधिक स्वयंसेवकांनी नकाशाबरहुकूम जुळवली. त्यामुळे या चित्रांत चित्रकाराच्या हाताची, त्याच्या कुंचल्याच्या फटकाऱ्याची खूण सापडत नाही. कोणीही, कुठेही, नकाशा समोर ठेवून ती पुन्हा जुळवू शकेल. ज्याचे कलागृह पोलिसांच्या नजरेखाली आहे, त्याच्यासाठी ही मोठीच सोय होती: कलावंत अडकला तरी कृती अडकत नाही.

माध्यमाच्या निवडीमागे आणखी एक कारण दडलेले आहे. तुरुंगात असलेल्या अनेकांची धड छायाचित्रेच उपलब्ध नसतात. कुठून तरी मिळालेला धूसर फोटो, कुटुंबीयांनी दिलेली जुनी प्रत किंवा ध्वनिचित्रफितीतला एखादा क्षण एवढ्यावरच भागवावे लागते. असा फोटो मोठा केला की त्याचे चौकोन होतात. तैलचित्रकाराने कदाचित ती उणीव कल्पनेने भरून काढली असती. लेगोचे ठोकळे ती झाकत नाहीत. चेहरा जवळून पाहिला तर केवळ रंगीत ठिपके दिसतात. दूर गेल्यावर डोळे, कपाळ, हनुवटी यांची जुळणी होते. या माणसांविषयी बाहेरच्या जगाला किती थोडे कळू दिले जाते, हे त्या भरड प्रतिमेतून आपोआप कळते.

जमिनीवर का?

मराठी माणसाला जमिनीवरचे व्यक्तिचित्र अपरिचित नाही. दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या रांगोळी प्रदर्शनांत रंगांच्या कणाकणांतून उभे केलेले चेहरे पाहायला गर्दी होते. असे असले तरी आदरणीय व्यक्तीची तसबीर आपण जमिनीवर ठेवत नाही. ती उंचावर लावतो आणि व्यक्ती हयात नसेल तर तिला हार घालतो. या दृष्टीने पाहिले तर 'ट्रेस'ची मांडणी प्रथमदर्शनी खटकण्याजोगी आहे.

मात्र या मांडणीचा परिणाम प्रत्यक्षात उलटा होतो. भिंतीवरच्या चित्रासमोरून माणूस चालता चालता पुढे जातो. जमिनीवरच्या चेहऱ्याकडे पाहायला थांबावे लागते, मान झुकवावी लागते आणि पाऊल जपून टाकावे लागते. एकाच पातळीवर अंथरलेल्या १७६ चेहऱ्यांत उच्चासन कोणालाच नाही. नेल्सन मंडेला आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारखी जगाने गौरवलेली माणसे आणि ज्यांचे नाव त्यांच्या देशाबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही अशी माणसे शेजारी शेजारी आहेत. दालनात ठेवलेल्या फायली चाळल्या की प्रत्येकाविषयी माहिती मिळे. त्यामुळे प्रेक्षकाची वाट साधारणपणे एकच असे: आधी ओळखीचा चेहरा, मग त्याच्या बाजूचा अनोळखी चेहरा, मग 'हा कोण?' हा प्रश्न आणि मग फाईल. प्रसिद्ध माणसाने अप्रसिद्ध माणसाची ओळख करून द्यावी, असा हा प्रकार होता.

कोणाकोणाचे चेहरे?

ही नावे निवडताना अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि अन्य मानवी हक्क संघटनांचे साहाय्य घेण्यात आले. कलाकृती तयार झाली तेव्हा यादीतील बहुतेक जण प्रत्यक्ष तुरुंगात होते. तिबेटच्या स्वातंत्र्याची भावना गाण्यांतून व्यक्त केल्याने चीनच्या तुरुंगात गेलेला लोलो हा तरुण गायक त्यांत आहे. चीनमध्ये लोकशाही सुधारणांची मागणी करणाऱ्या 'सनद ०८' या निवेदनाचे एक शिल्पकार ल्यू श्याओबो आहेत. २००९ मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. २०१० मध्ये नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा ऑस्लोतील समारंभात त्यांच्या जागी रिकामी खुर्ची ठेवावी लागली. इजिप्तमधील '६ एप्रिल युवा चळवळी'चे सहसंस्थापक अहमद माहेर आहेत.

चीन किंवा इजिप्त यांची नावे घेऊन अमेरिकन प्रेक्षकाला स्वतःविषयी निश्चिंत राहता येऊ नये, याचीही काळजी घेतलेली दिसते. अमेरिकी सरकारची गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या चेल्सी मॅनिंग, सरकारच्या व्यापक टेहळणीची माहिती बाहेर आणणारे एडवर्ड स्नोडेन आणि 'सीआयए'कडून होणाऱ्या छळाविषयी बोलल्यानंतर तुरुंगात जावे लागलेले त्याच संस्थेतील माजी अधिकारी जॉन किरियाकू यांची दखलही प्रदर्शनात होती. यांपैकी मॅनिंग आणि स्नोडेन यांचे चेहरे अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या मालकीच्या जागेवर, सरकारी विभागाच्या संमतीने, जमिनीवर अंथरले गेले ही गोष्ट लहान नव्हे.

कैद्याचा चेहरा लोकांसमोर आणण्याची ही रीत आय वेइवेइ यांच्या कितीतरी आधीची आहे. ब्रिटिश वकील पीटर बेनेन्सन यांनी मे १९६१ मध्ये 'द ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात विस्मृतीत गेलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला आणि त्यातूनच अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली. त्या लेखासोबतही कैद्यांची छायाचित्रे होती. कैद्याला विसरले जाणे हीच त्याची सर्वांत मोठी शिक्षा आहे, हे सूत्र तेव्हापासूनचे.

त्या लेखातील कैद्यांत अंगोलाचे कवी आणि डॉक्टर अगोस्तिन्यो नेतो होते. १९७५ मध्ये तेच स्वतंत्र अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९७७ मध्ये त्यांच्याच राजवटीत विरोधकांचे रक्तरंजित दमन झाले. हे उदाहरण अशा सर्व चित्रांच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. माणसाच्या संपूर्ण आयुष्याची हमी कोणतेही व्यक्तिचित्र देऊ शकत नाही. त्याने एका विशिष्ट वेळी काय केले आणि त्याची कोणती किंमत मोजली, याची ती नोंद असते. 'ट्रेस' या नावातला नेमकेपणा इथेही जाणवतो. देव्हाऱ्यात बसवायची मूर्ती घडवण्याचा दावा त्यात नाही. पाऊल कुठे उमटले ते दाखवायचे, एवढाच हेतू आहे.

पाहून झाल्यावर काय?

चेहरे पाहून हळहळणाऱ्या प्रेक्षकाला पुढे काय करता येईल, याचे उत्तर त्याच प्रदर्शनातील 'यूअर्स ट्रूली' या कलाकृतीत होते. बेटावरील कैद्यांच्या जुन्या भोजनगृहात बाके मांडून फडताळांत पोस्टकार्डे ठेवली होती. प्रत्येक कार्डावर संबंधित देशाचा राष्ट्रीय पक्षी किंवा वनस्पती आणि मागे तेथील तुरुंगातल्या एका कैद्याचा पत्ता. प्रेक्षकाने दोन ओळी लिहायच्या. पाठवण्याची व्यवस्था संयोजक करत. सात महिन्यांत सुमारे नऊ लाख लोकांनी हे प्रदर्शन पाहिले आणि ९० हजारांहून अधिक कार्डे लिहिली गेली.

पत्राने तुरुंगाचे दार उघडत नाही, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. पण परदेशी तिकिटांची पत्रे थैली भरून येऊ लागली की या कैद्याकडे जगाचे लक्ष आहे, हे तुरुंगाधिकाऱ्यांना कळते आणि कैद्यालाही. २०१९ मध्ये शेरिल हेन्स यांनी याच विषयावर माहितीपट केला. मॅनिंग, किरियाकू आणि माहेर यांच्याकडून त्या पत्रांविषयी त्यात ऐकायला मिळते. व्यक्तिचित्राचा मान आणि पोस्टकार्डाची कृती यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाही, ते यामुळेच.

ठोकळ्यांचा वाद

खेळण्यातले ठोकळे निरागस असतात, हा समज लवकरच खोटा ठरला. मेलबर्नच्या राष्ट्रीय कलादालनात डिसेंबर २०१५ मध्ये अँडी वॉरहॉल आणि आय वेइवेइ यांचे संयुक्त प्रदर्शन भरणार होते. त्यासाठी मानवी हक्क आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या २० ऑस्ट्रेलियन व्यक्तींची चित्रे करण्याचे ठरले. कलादालनाने लेगो या डॅनिश कंपनीकडे ठोकळ्यांची घाऊक मागणी नोंदवली. राजकीय स्वरूपाच्या कामासाठी ठोकळे वापरण्यास संमती देता येत नाही, असे कंपनीने कळवले. ऑक्टोबर २०१५ मध्ये आय वेइवेइ यांनी ही गोष्ट इन्स्टाग्रामवर जाहीर केली. मुलांच्या खेळण्याचा उत्पादक आपल्या मालातून काय घडावे हे ठरवू लागला, तर ती एक प्रकारची सेन्सॉरशिपच होय, असा त्यांचा आक्षेप होता.

प्रतिसाद अनपेक्षित होता. अनेक देशांतील लोकांनी घरातले जुने ठोकळे देऊ केले. कलावंताने छताला खिडकी असलेल्या मोटारी संकलनासाठी उभ्या केल्या. लोक येत आणि खिडकीतून ठोकळे आत टाकत. मेलबर्नची चित्रे अखेर तशाच दिसणाऱ्या, दुसऱ्या उत्पादकाच्या ठोकळ्यांतून झाली आणि त्या दालनाला 'लेटगो रूम' असे खोचक नाव दिले गेले. कौटुंबिक हिंसाचारात मुलगा गमावल्यावर त्या प्रश्नावर देशभर जागृती करणाऱ्या रोझी बॅटी या त्या वीस जणांपैकी एक. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने धोरण बदलले. घाऊक खरेदी करणाऱ्याला हेतू विचारला जाणार नाही; मात्र कलाकृती सार्वजनिक ठिकाणी मांडताना कंपनीचा तिला पाठिंबा नाही हे स्पष्ट करावे, अशी अपेक्षा तिने ठेवली.

वॉशिंग्टन आणि मेक्सिको

२८ जून २०१७ रोजी 'ट्रेस' वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात खुली झाली. याच संग्रहालयात २०१२ मध्ये भरलेल्या प्रदर्शनाला आय वेइवेइ पारपत्राअभावी येऊ शकले नव्हते. या वेळी ते आले. वर्तुळाकार इमारतीच्या एका मजल्यावर ही चित्रे पसरली होती. प्रदर्शन सुरू होऊन पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, १३ जुलै २०१७ रोजी, ल्यू श्याओबो यांचे यकृताच्या कर्करोगाने निधन झाले. शिक्षा भोगत असतानाच चीनमधील रुग्णालयात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्या बाबतीत 'ट्रेस'मधील चित्र आता कैद्याचे उरले नाही. ते स्मृतिचित्र झाले.

यादीतील इतरांच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या. मॅनिंग यांची ३५ वर्षांची शिक्षा राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी कमी केली आणि मे २०१७ मध्ये त्या बाहेर आल्या. माहेर जानेवारी २०१७ मध्ये सुटले. पण दररोजची रात्र पोलीस ठाण्यात घालवण्याच्या सक्तीसह. स्नोडेन यांना २०२२ मध्ये रशियाचे नागरिकत्व मिळाले. चित्रे तीच राहिली. पाहणाऱ्याला प्रत्येक चेहऱ्याचा पुढचा अध्याय स्वतः शोधावा लागतो.

अल्काट्राझचे प्रदर्शन उघडले त्याच्या आदल्या रात्री, २६ सप्टेंबर २०१४ रोजी, मेक्सिकोत एक भीषण घटना घडत होती. आयोत्सिनापा येथील ग्रामीण अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी इग्वाला शहरात पोलिसांनी ताब्यात घेतल्यानंतर बेपत्ता झाले. पालक त्यांची छायाचित्रे उराशी धरून मोर्चे काढत राहिले. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये मेक्सिको शहरातील विद्यापीठाच्या समकालीन कलासंग्रहालयात आय वेइवेइ यांनी या ४३ जणांची लेगोची चित्रे मांडली. या वेळी ती भिंतीवर होती. पालकांनी वर्षानुवर्षे हाती धरलेल्या छायाचित्रांचेच ते मोठे रूप होते. तुरुंगातील माणसाला निदान पत्ता असतो, त्याला पोस्टकार्ड लिहिता येते. बेपत्ता माणसाच्या बाबतीत चेहरा आणि नाव एवढाच दुवा उरतो.

मर्यादा आणि मोल

या कामावर आक्षेप घेता येतात. एवढ्या संख्येने मांडलेले चेहरे एकमेकांसारखे दिसू लागतात. ठोकळ्यांच्या भरड जाळीत माणसाचे वेगळेपण हरवते. चटकदार रंगांमुळे पर्यटक दोन क्षण रमतो आणि पुढे जातो. व्यक्तीच्या अंतरंगात डोकावणारे तैलचित्र जे देते ते इथे मिळत नाही, हे खरेच आहे. शिवाय कोणाला यादीत घ्यावे आणि कोणाला वगळावे, हा निर्णय शेवटी कलावंत आणि संघटना यांचाच असतो.

तथापि या चित्रांचे काम वेगळे आहे. अंतरंगाचे दर्शन घडवायला समोर बसलेला माणूस लागतो. इथे तो समोर येऊच शकत नाही. अशा वेळी त्याचा चेहरा मोजक्या रंगांत का होईना टिकवून ठेवणे, त्याच्याजवळ नाव ठेवणे आणि पाहणाऱ्याच्या हाती त्याचा पत्ता देणे एवढे कला करू शकते. भूकंपात गेलेल्या मुलांच्या नावांपासून मेक्सिकोतील ४३ चेहऱ्यांपर्यंत आय वेइवेइ यांनी तेच केले. अल्काट्राझच्या दालनातून 'ट्रेस' केव्हाच उचलली गेली. त्या फरशीवर तिची खूण उरलेली नाही. पण तेथून निघालेल्या ९० हजार पोस्टकार्डांपैकी काही तरी कोठडीच्या दारापर्यंत पोचली आणि वाचली गेली, हे ज्यांना ती मिळाली त्यांनीच सांगितले आहे.